शेवटचा अर्धा मिलिमीटर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, दशांशकाकांचं दुकान आहे. सहा फूट बाय नऊ फूट. हे माप माझं. काकांना विचारलं तर ते दोन्ही आकड्यांपुढे टिंब देऊन आणखी दोन-दोन आकडे सांगतील, आणि भिंतीला जिथे पोपडा आलाय तिथे किती कमी भरतं तेही सांगतील. त्यांचं नाव पडलं ते यामुळेच. तोंडावर सगळे नुसतं काका म्हणतात. पाठीमागचं नाव त्यांना माहीत आहे, मनातून आवडतंही, पण कुणी चुकून उच्चारलंच तर ते रागावतात. रागही मोजून, पाव मिनिट.

काका तंबाखूचे पाइप बनवतात, सगळे हाताने. या इमारतीत तंबाखूचा पाइप ओढणारा एकही माणूस नाही आणि रस्त्यावरही बहुधा नसावा. गिऱ्हाइकं कुठून कुठून पत्ता शोधत येतात, जिन्यावर डोकं आपटतात आणि कपाळ चोळत आत शिरतात. काका स्वतः पूर्वी ओढायचे. खोकला झाला, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, त्यांनी बंद केलं. पण बंद केला तो धूर. पाइप दातात होता तो तसाच राहिला. वीस वर्षं हा माणूस सकाळी नऊ ते संध्याकाळी सात रिकामा पाइप दातात धरून बसत आला. धूर हा काकांच्या लेखी पाइपचा एक किरकोळ उपयोग होता.

पाइप विकत घेणारा माणूस भाळतो तो वाटीवर. वाटी म्हणजे तंबाखू भरायचा गोल भाग. लाकडाच्या रेषा कशा चढल्यात, रंग कसा मुरलाय, हे तो उजेडाला धरून बघत बसतो. काका तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतात.

"वाटी काय, कुणीही करील," ते म्हणतात. "लाकूड देवाने केलंय, मी फक्त भोक पाडलं. दांडी बघा."

दांडी म्हणजे तोंडात धरायची काळी नळी. ती एबोनाइटची असते, म्हणजे रबरच, पण दगडासारखं कडक केलेलं. तिच्या टोकाला एक बारीकसा उंचवटा असतो. त्याच्या मागे दात अडकतात आणि पाइप तोंडात टिकून राहतो. या उंचवट्याला बटण म्हणतात. शर्टाच्या बटणाशी त्याचं काही नातं नाही, हे काकांना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करावं लागलं, कारण काकू शिवणकाम करतात आणि त्या "एवढंच ना, मी लावून देते" म्हणाल्या होत्या.

काकांचं सगळं आयुष्य या बटणात गेलं. दांडी बटणाच्या मागे जाड राहिली तर जबडा दुखतो. पातळ झाली तर महिन्याभरात दात आरपार. बटण उंच झालं तर जिभेला सतत काहीतरी लागत राहतं, बुटकं झालं तर पाइप निसटतो. शिवाय आतून हवेची वाट मोकळी राहायला हवी. ओढताना शिट्टी वाजली की काकांचा चेहरा असा होतो, जणू कुणी भर सभेत शिंकलं.

आता हा दशांशांचा माणूस. चमचे, दारं, नातेवाइकांची उंची, सगळं मोजणारा. तुम्हाला वाटेल बटणाची मापं त्याने वहीत लिहून ठेवली असतील. तर नाही. दांडी लेथवर उतरवून, कानशीने घासत घासत काका कॅलिपरच्या, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याच्या, मापाने एका जागेपर्यंत येतात. अर्धा मिलिमीटर शिल्लक राहिला की कॅलिपर खणात जातो, आणि खण बंद होतो.

"इथून पुढे यंत्राचं काम नाही," ते म्हणतात. "यंत्राला दात नसतात."

शेवटचा अर्धा मिलिमीटर काका दातांनी काढतात. म्हणजे कुरतडत नाहीत. कानशीचे दोन हात मारायचे, दांडी धुवायची, तोंडात धरायची, डोळे मिटायचे. मग एकतर म्हणायचं "बोलतंय", नाहीतर म्हणायचं "गप्प झालं". ज्या बटणाची तोंडाला आठवण होत राहते ते बोलतं बटण. जे तोंडात असून नसल्यासारखं वाटतं ते गप्प. बोलणारं बटण पुन्हा कानशीखाली जातं. गप्प झालेलं बारीक कागदाने घासून, चाकावर चमकवून, उकळून थंड केलेल्या पाण्यात धुऊन गिऱ्हाइकाला मिळतं. एका बटणाला कधी दोन दिवस लागतात, कधी चार. एकतीस वर्षांत या पद्धतीने केलेला एकही पाइप परत आला नव्हता, आणि काका हे सांगायची एकही संधी सोडत नव्हते.

"ज्या दिवशी तोंडात बसत नाही म्हणून पाइप परत येईल," दर गिऱ्हाइकाला ते सांगत, "त्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावीन."

गिऱ्हाइकं "वा" म्हणत. मीही बऱ्याचदा म्हटलं आहे. असली वाक्यं ऐकायला फार छान असतात. ती खरी करायची वेळ आली की मात्र घरात चहासुद्धा कुणी नीट पीत नाही.

काकूंविषयी सांगायचं राहिलं. पहिल्या मजल्यावर, दुकानाच्या बरोबर डोक्यावर, काकूंची शिवणाची खोली आहे. काकूंच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात. कमीत कमी चार, लग्नसराईत सात. दोरा तोडायचा तो दातानेच. कात्री हाताशी असते, पण ती त्यांच्या मते कापडासाठी. तर एकाच्या दातात पाइप, दुसरीच्या ओठात टाचण्या, अशा अवस्थेत या दोघांचा संसार झाला. त्यांचं बोलणं नवख्या माणसाला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येई. "म्हम् हूं म्हा?" काका विचारत. "म्म. हुं म्हम्हम्," काकू सांगत. आणि काका जाऊन बरोबर दुधाची पिशवी घेऊन येत. दोघांमध्ये कधी मोठं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. भांडायला आधी तोंड रिकामं करावं लागलं असतं.

काकूंना तंबाखूचा तिटकारा. एबोनाइट घासलं की गंधकाचा वास सुटतो, त्याचा त्याहून जास्त. इतक्या वर्षांत त्या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं तर वरून जमिनीवर कैचीची मूठ दोनदा ठोकायच्या.

आणि मग काकांचे दात गेले.

एकदम नाही गेले. आधी दोन हलले, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांचं ऐकलं. काकूंचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. त्याने आरसा घालून आत पाहिलं आणि म्हणाला, "भावोजी, हे आता वाचवण्यात अर्थ नाही. सगळेच काढू. कवळी अशी देतो की तुम्हाला स्वतःचे दात आठवणार नाहीत."

हे मात्र त्याने खरं करून दाखवलं. कवळी बसली आणि काकांना स्वतःचे दात काय सांगायचे ते आठवेनासं झालं.

नेमका त्याच महिन्यात बँडमास्तर आले. बँडमास्तर म्हणजे काकांचं पहिलं गिऱ्हाईक. चाळीस वर्षं त्यांनी बँड चालवला, कॉर्नेट म्हणजे छोटी तुतारी वाजवली, आता निवृत्त आहेत. मान किंचित उजवीकडे झुकवून चालायची त्यांची ऐट आहे. बँडचे जुने फोटो त्यांच्याकडे आहेत, त्यात शेजारच्या ड्रमवाल्यापासून शेवटच्या झांजवाल्यापर्यंत सगळ्यांनी मान तशीच झुकवलेली दिसते. काकांनी आयुष्यात केलेला पहिला पाइप त्यांच्याकडे होता. वाटी अजून ठणठणीत होती, पण दांडी बटणामागे दातांनी आरपार गेली होती.

"वाटी राहू दे," बँडमास्तर म्हणाले. "दांडी तेवढी नवी. पण जुन्यासारखी. तुम्हाला माहितीये, मी रेडिओ लावतो."

काकांना माहीत होतं. बँडमास्तर रोज संध्याकाळी रेडिओ लावून त्याच्यापुढे उभे राहतात आणि रेडिओतल्या वादकांना हातवारे करून नीट वाजवायला लावतात. त्याला दोन्ही हात लागतात. पाइपला हात लावायला तिसरा नसतो. बँडच्या तालमीतही ते असेच पाइप दातात धरून हात चालवायचे.

"आठवड्यात देतो," काका म्हणाले.

जुनी दांडी समोर होती, पण तिच्यावर बँडमास्तरांच्या दातांनी एकतीस वर्षं कोरीवकाम केलं होतं. तिच्यावरून माप घेणं म्हणजे झिजलेल्या चपलेवरून पाय किती मोठा ते ठरवणं. काकांनी नेहमीप्रमाणे दांडी उतरवली, अर्धा मिलिमीटर ठेवून कॅलिपर खणात टाकला, कानस मारली, दांडी तोंडात धरली आणि डोळे मिटले.

काही नाही. बोलतंय नाही, गप्प नाही. काकांनी मला नंतर सांगितलं, "फोन उचलावा आणि पलीकडे कुणीच नसावं, तसं."

खऱ्या दातांना मुळाशी जाणीव असते. केसाएवढा फरक कळतो. कवळीला काय कळणार, तिला तर आपण कुणाच्या तोंडात आहोत हेही माहीत नसतं. काकांना वाटलं बटण फारच बुटकं झालंय म्हणून लागत नाही. नवा तुकडा घेतला, बटण उंच ठेवलं. आता कवळीला थोडंसं काहीतरी जाणवलं. काकांनी समाधानाने चमकवून दिलं.

चौथ्या दिवशी बँडमास्तर परत आले. त्यांनी पाइप टेबलावर ठेवला.

"काका, हे तोंडात घालायचंय ना?"

"मग?"

"नाही, मला वाटलं दाराला लावायचंय. मूठ म्हणून."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाइप परत आला होता. मी स्टुलावर बसलो होतो. मला ते ठरलेलं वाक्य आठवलं आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो. काका शेवटी म्हणाले, "तुम्हाला नव्याची सवय नाही. ही पहिली खेप धरायची नाही."

दुसऱ्या खेपेला वेगळंच झालं. काका बटण घासून तोंडात धरत होते, तेवढ्यात एक नवीन गिऱ्हाईक कपाळ चोळत आत आलं. बायकोला घेऊन आलं होतं. काकांनी "या" म्हणण्यासाठी दांडी तोंडातून ओढली. दांडी आली. बटणाला अडकून वरची कवळीही आली. दोन्ही वस्तू काकांच्या हातात, एकमेकींना घट्ट धरून, गिऱ्हाइकाकडे बघून हसत होत्या.

गिऱ्हाइकाच्या बायकोने "आपण नंतर येऊ" म्हटलं. ती दोघं कधीच आली नाहीत.

त्या भीतीने काकांनी बटण इतकं उतरवलं, इतकं उतरवलं, की कवळी अडकेना. त्यांना वाटलं जमलं. तो पाइप बँडमास्तरांच्या तोंडात सव्वा मिनिट टिकला. रेडिओवर तुतारी चढायला लागली, बँडमास्तरांनी दोन्ही हात वर उचलले, आणि पाइप निसटून चहाच्या कपात पडला. पाइप पेटलेला होता. ते आले तेव्हा पांढऱ्या शर्टावर चहा आणि राख यांचं मिळून एक चित्र तयार झालं होतं.

"मी रागावलो नाही," ते मान झुकवून म्हणाले. "पण शर्ट नवा होता."

त्या संध्याकाळी काकांनी कुलूप आणलं. नवं, पितळी. त्याचंही माप घेतलं आणि टेबलावर ठेवलं. "आणखी एकदा," ते मला म्हणाले. "तिसऱ्यांदा परत आला, तर हे दाराला. बोललो ते बोललो." आणि त्यांनी तिसरी दांडी लेथवर चढवली, घासत घासत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणली, कॅलिपर खणात टाकला, खण बंद केला.

आणि तिथेच थांबले. अर्धा मिलिमीटर शिल्लक होता आणि तोंड शिल्लक नव्हतं.

त्यांनी शेवटचा उपाय म्हणून दोष कवळीवर टाकून बघितला. मेहुण्याकडे गेले. मेहुण्याने कवळी बाहेर काढली, दिव्याखाली धरली आणि चष्मा वर केला.

"भावोजी, हिला कानस लावलीत?"

"नुसता हात फिरवला."

"किती?"

"शून्य पूर्णांक तीन."

"दातांची कवळी आहे ही, भावोजी. खिडकीची चौकट नाही."

"चावताना पुढून दाबलं की मागून उचलते. माप चुकलंय तुमचं."

"माप बरोबर आहे. कवळीने माणसं सफरचंद खातात, ते पण कापून. तुम्ही दिवसभर काळा दांडा चावत बसता. ती काय करील बिचारी?" मग जरा नरमाईने म्हणाला, "खरं सांगू? पूर्वीसारखं कळणार नाही. कितीही घासलीत तरी नाही."

काका घरी आले आणि दुकानात गेलेच नाहीत. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. बँडमास्तरांना कळवलं नव्हतं. ते तिकडे रेडिओ बंद ठेवून बसले होते.

आता यापुढे जे घडलं त्याचं श्रेय प्रेमाला द्यायला मला आवडेल. पण काकूंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, "तो माणूस तीन दिवस घरात होता. पहिल्या दिवशी त्याने चमचे लांबीप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार काटकोनात नाही हे शोधून काढलं आणि मला चार वेळा दाखवलं. तिसऱ्या दिवशी माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, शिवण दोन मिलिमीटर डावीकडे जातेय." "जात होती?" मी विचारलं. "तो प्रश्न नाहीये," काकू म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी काकू टाचण्यांची उशी हातात घेऊन खाली उतरल्या. ओढल्यासारखे काका मागून आले, आणि काय होतंय ते बघायला मी. काकू उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या, नाकाला पदर लावला आणि आत शिरल्या. सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"बरं ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं उकिरडा असेल. कुठंय ती दांडी?"

"कशाला?"

"बघू."

"ती बघायची वस्तू नाही."

"चावायची आहे ना? मला बत्तीसच्या बत्तीस आहेत. माझ्या भावानेच मोजलेत. आणा इकडे."

काकूंनी दांडी घेतली, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेली, साबण लावला आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

"गरम नको," काका ओरडले. "बाक जाईल तिचा, सरळ होईल."

"माणूस सरळ झाला असता तर बरं होतं," काकू म्हणाल्या आणि गार पाण्याने दांडी धुतली. मग पदराने पुसली, तोंडात धरली आणि भुवया आक्रसल्या.

"काड्यापेटीसारखा वास येतोय."

"गंधक असतं त्यात."

"तुमच्या शर्टांना येतो तोच. म्हटलं ओळखीचा वाटतोय." त्यांनी दात मिटले. "मध्ये जाड आहे. कडेला उगाच पातळ केलंय. बाही अशी कापली तर काखेत बोचेल."

काकांनी कानस घेतली. दोन हात मारले. दांडी धुतली, काकूंकडे दिली.

"एकच मारायचा होता," काकू म्हणाल्या.

"मी दोनच मारतो."

"म्हणूनच."

हे असं दुपारपर्यंत चाललं. मी मध्येच जेवून आलो. काकू एकदा म्हणाल्या, बटणामागची कड फार धारदार आहे. काकांनी गोल केली. म्हणाल्या, आता फार गोल झाली, दुमड कशी बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही, तशी करा. काकांनी तशी केली. मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं की कुणीतरी काकांना सांगतंय आणि काका ऐकतायत. मग काकू म्हणाल्या, "आता सगळं बरोबर आहे, फक्त डावीकडे, खालच्या बाजूला टोचतंय. सुळ्याच्या मागे."

"तिथे टोचायचं कारण नाही."

"टोचतंय."

"तिथे मी नेहमीच तेवढं ठेवतो. सगळ्या पाइपांना."

"का?"

काकांनी विचार केला. "बसतं म्हणून."

"तुम्हाला बसतं," काकू म्हणाल्या. "तुमचा डावा सुळा आत वळलेला होता. आपल्या लग्नाच्या फोटोत दिसतो. हसलात तेवढ्या एकाच फोटोत."

काकांचा हात कानशीवर होता तो तिथेच राहिला. मला त्यांच्या डोक्यातला हिशेब दिसत होता: एकतीस वर्षं, काही शे पाइप, आणि प्रत्येकाच्या डाव्या बाजूला, खाली, एका वाकड्या सुळ्यासाठी राखून ठेवलेली जागा. ज्याला दार काटकोनात नसलेलं सहन होत नाही, त्या माणसाने हयातभर स्वतःचा वाकडा दात लोकांच्या तोंडात घातला होता.

"तू हे आधी नाही सांगितलंस," ते शेवटी म्हणाले.

"मला कुणी विचारलं? मला वाटलं तुम्ही चुकत नाही. तुम्हीच सांगत होतात जगाला."

काकांनी डावीकडची बाजू घासली. एकच हात मारला. काकूंनी दांडी तोंडात धरली, डोळे मिटले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. काकूंच्या न बोलण्याचा हा इतका लांब प्रसंग होता की मी घड्याळाकडे पाहिलं.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

काकूंनी डोळे उघडले. "काय? हो, दांडी. मी विसरलेच, उद्याच्या ब्लाउजच्या गळ्याचा विचार करत होते."

काकांनी दांडी त्यांच्या हातातून घेतली. "गप्प झालं," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी बँडमास्तरांना निरोप गेला. ते छोटा रेडिओ काखेत मारूनच आले. शर्ट जुना घातला होता. काकूही खाली थांबल्या. स्टूल त्यांनी घेतलं म्हणून मी जिन्याच्या पायरीवर बसलो. काका टेबलामागे उभे होते. एक हात पितळी कुलपावर. चावी कुलपालाच होती.

बँडमास्तरांनी पाइप दातात धरला, पेटवला नाही. रेडिओ लावला. आधी बातम्या लागल्या. शेतीमालाच्या भावावर हातवारे करता येत नाहीत म्हणून त्यांनी दुसरं स्टेशन शोधलं. एक जोरकस चाल लागली. त्यांनी हात उचलले. डावीकडच्या अदृश्य ड्रमवाल्याला दम दिला, उजवीकडच्या तुताऱ्यांना चढवलं, झांजवाल्याला डोळ्यांनी थांबवून ठेवलं आणि ऐन वेळी सोडलं. पाइप तोंडात खिळा ठोकल्यासारखा होता. मी तुताऱ्या विसरून पाइपकडे बघत होतो. काका पाइपकडे बघत होते. काकू काकांकडे.

चाल संपली. बँडमास्तरांनी पाइप काढला, दांडी उजेडाला धरली, फिरवून पाहिली.

"काका, हे तुमचं काम नाही."

कुलपावरची बोटं आवळली.

"परत करताय?"

"परत?" बँडमास्तर दचकले. "नाही हो, परत कशाला. मला म्हणायचंय, तुमचं बटण नेहमी डावीकडे जरा दाबायचं. म्हणून मी मान उजवीकडे टाकायचो, की मग ते बसायचं. तालमीत तसं करता करता सवयच लागली. पोरांना वाटलं ही स्टाइल आहे, ते पण तशीच वाकडी करायला लागले. अख्खा बँड वाकड्या मानेने वाजवायचा. आम्हाला दोनदा बक्षीस मिळालंय त्याबद्दल." त्यांनी मान सरळ करून पाहिली, मग जराशी उजवीकडे टाकली, मग पुन्हा सरळ केली. "हे तर आपोआप बसतंय. मला आता या मानेचं काय करायचं कळत नाहीये."

"पण मग इतकी वर्षं बोलला नाहीत," काका म्हणाले.

"मला वाटलं माझी मानच तशी आहे."

काकूंनी टाचण्यांची उशी तोंडापाशी नेली आणि खोकल्याचं निमित्त केलं. काकांनी टेबलाचा खण उघडला, कॅलिपर काढला आणि बँडमास्तरांच्या जवळ गेले.

"किती झुकवायचात? नेमकं? दाखवा."

त्याला आता पाच महिने झाले. कुलूप वरच्या मजल्यावर गेलंय. कापडावर कागदी नमुने ठेवले की ते उडू नयेत म्हणून काकू त्याचं वजन ठेवतात आणि म्हणतात, या दुकानातून घरात आलेली ही एकमेव कामाची वस्तू. काका कवळी लावून सफरचंद खायला शिकले, कापून. त्यांच्या दातात आता पाइप नसतो, आणि त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांना कळायला लागलंय. इमारतीतल्या काहींना हे फारसं पसंत नाही. जुन्या गिऱ्हाइकांना त्यांनी पत्रं पाठवली: पाइप घेऊन यावं, डावी बाजू दुरुस्त करून मिळेल. फक्त सहाजण आले. बाकीच्यांनी कळवलं की त्यांचं बटण अगदी उत्तम आहे, हात लावू नये. काका त्या पत्रांनी फार अस्वस्थ होतात.

परवा मी खाली डोकावलो. काकू स्टुलावर बसल्या होत्या. दातात एक नवी दांडी, ओठाच्या कडेला सवयीच्या दोन टाचण्या, मांडीवर कुणाच्या तरी फ्रॉकची बाही. काका कानस घेऊन वाट बघत उभे होते.

"म्म हुं म्हम्," काकू म्हणाल्या. "हुं म्हा."

मला एक अक्षर कळलं नाही. काकांनी मान हलवली, दांडी घेतली, दोनदा कानस उचलली आणि एकदाच मारली.